नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना: कोकणातल्या नव्या शिक्षकांसाठी

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ संपले की ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा येतो. कोकणात तोवर जुलै लागलेला असतो. पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवताना घसा बसतो. लावणीमुळे पटावरची बरीच मुलं शेतात असतात आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यात हा धडा दिसायला सोपा. काही व्याख्या, काही सूत्रं, मागे उदाहरणं. चार तासांत सहज उरकता येतो. उरकला तरी मुलं उदाहरणं सोडवतातही. पण दहावीला वीजनिर्मिती शिकताना धरणाच्या पाण्यात ऊर्जा आली कुठून असं विचारलं, की त्याच मुलांची दातखीळ बसते. अकरावीला ‘ऋण कार्य’ आलं की पुन्हा तेच.

म्हणून या धड्याला घाई करू नका. आठ-दहा तास द्या, ते पुढे भरून निघतात. आणि पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. वर्गात कोणीही ‘कार्य झालं’ किंवा ‘कार्य झालं नाही’ असं म्हटलं, की तीन गोष्टी विचारायच्या. बल कोणाचं? कोणत्या वस्तूवर? ती वस्तू त्या बलाच्या दिशेत किती सरकली? ही तीन उत्तरं नसतील तर ते वाक्य अर्धवट आहे, असं मुलांना निक्षून सांगा. माझ्या मते या धड्यातला निम्म्याहून जास्त गोंधळ ‘कोणाचं बल’ हा प्रश्न न विचारल्यामुळे होतो.

तासाआधीची जमवाजमव

प्रयोगशाळा नावाला असेल तरी अडत नाही. एक ताणकाटा, मोजपट्टी, गोट्या, एक कप्पी, कागदी पेले, सुताराकडची एक लांब फळी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा प्लंबरकडून उभा चिरून आणा, त्याची छान पन्हळ होते. प्लॅस्टिकचे अगदी सारख्या आकाराचे दोन पोकळ चेंडू घ्या. शेवटची वस्तू जुलैत गावोगावी मिळते: गणपतीच्या शाळेतून शाडूच्या मातीचा मोठा गोळा. मूर्तिकार कामाच्या गडबडीत असतात, पण शाळेसाठी मागितलं आणि माती परत आणून देतो म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पायरी १: पालखी आणि सहाण

पुस्तकातलं ‘डोक्यावर ओझं घेऊन चालणारा हमाल’ हे उदाहरण मुलांना पाठ असतं आणि ‘शून्य कार्य’ हे उत्तरही. त्याऐवजी शिमग्यातली पालखी घ्या. प्रत्येक मुलाने ती पाहिलेली असते, वर्गातल्या काहींनी खांदाही दिलेला असतो.

फळ्यावर चार प्रसंग लिहा. पालखी खांद्यावर घेऊन मानकऱ्याच्या दारात उभे आहेत. पालखी सपाट रस्त्याने चालली आहे. पालखी पाखाडी (डोंगरातली पायऱ्यांची वाट) चढते आहे. ढोलाच्या तालावर पालखी नाचवत आहेत. प्रत्येक वेळी एकच बल धरायचं: खांद्यांनी पालखीला वर दिलेला रेटा. मग तीन प्रश्न. उभं असताना विस्थापन नाही, म्हणून या बलाचं कार्य शून्य. सपाट रस्त्यावर विस्थापन आहे, पण ते आडवं आणि रेटा उभा, म्हणून पुन्हा शून्य. पाखाडी चढताना पालखी वर सरकली, रेटा वरच, कार्य धन. नाचवताना वर उचलली तेव्हा धन, खाली घेतली तेव्हा ऋण. एका पूर्ण हेलकाव्यात पालखी होती त्याच उंचीवर आणि पुन्हा स्थिर झाली, तर बेरीज शून्य.

इथे वर्गात कुजबुज होणारच, आणि ती व्हायला हवी. रापणीच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या) किंवा मासेमारीच्या घरातलं एखादं मूल नक्की विचारेल, “सर, मगे बापाशीन रातभर दोर धरल्यान, ता काय काम न्हय?” हा धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ‘भौतिकशास्त्रात तसं नसतं’ म्हणून तो उडवून लावू नका. मुलाला ऐकू जाईल ते एवढंच, की शाळेच्या लेखी आपल्या बापाच्या मेहनतीला किंमत नाही.

उत्तर सहाणेत, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यात आहे. पालखी सहाणेवर बसवली की सहाणही तिला तेवढाच वरचा रेटा देते, रात्रभर देते, आणि दगडाला काही खावं लागत नाही. म्हणजे वस्तू नुसती तोलून धरायला ऊर्जा लागतेच असं नाही. मग माणूस का दमतो? त्याच्या स्नायूंची रचना वेगळी आहे म्हणून. ताणलेला स्नायू बाहेरून स्थिर दिसला तरी आतले तंतू सतत आखडत आणि सैल होत असतात. त्यासाठी अन्नातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून तर उभ्या माणसालाही घाम येतो. बापाने ऊर्जा खर्च केली हे शंभर टक्के खरं. त्या रात्री ती दोराला मिळाली नाही, त्याच्या अंगातच उष्णता झाली, एवढंच ‘शून्य कार्य’ सांगतं. ही दोन वाक्यं वहीत उतरवून घ्या.

सपाट रस्त्याबद्दल एक बारकावा हुशार मुलांसाठी. पालखी निघताना खांदा तिला थोडा पुढेही ढकलतो, थांबताना मागे धरतो. तेव्हा कार्य होतं, आधी धन, मग ऋण. ‘ओझं घेऊन चालताना कार्य शून्य’ हे वाक्य गुरुत्वबलाविरुद्धच्या रेट्याबद्दल आहे, सगळ्या बलांबद्दल नाही.

तिरक्या बलाचं गणितही इथेच येतं आणि नवा शिक्षक हमखास इथे रुततो, कारण नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती बरीच उशिरा येते. कोसाइनच्या नादी लागू नका. होडी वाळूवरून ओढताना दोर तिरका असतो, हे चित्र काढा. आलेखाच्या कागदावर १० सेंमीची रेघ आडव्याशी ६० अंशांत काढायला लावा आणि तिच्या टोकापासून सरळ खाली लंब टाकून आडव्या रेघेवर किती लांबी येते ती मोजायला सांगा. ५ सेंमी येते. म्हणजे १०० न्यूटनचं तिरकं बल होडी पुढे न्यायला ५० न्यूटनइतकंच उपयोगी पडतं. हे हाताने मोजलं की ९० अंशांना शून्य आणि १८० अंशांना उणे का, हे मुलं स्वतःच सांगतात. सूत्र त्यानंतर.

पायरी २: उंची

आता वस्तू वर नेण्याचा हिशेब. चिरेखाण बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. एक चिरा ३० किलोचा धरू आणि ट्रकचा हौदा १.२ मीटर उंच. वजन ३० × ९.८ (गुरुत्वत्वरण) म्हणजे २९४ न्यूटन. सरळ उचलला तर कार्य २९४ × १.२, जवळजवळ ३५३ ज्यूल. आता ३.६ मीटर लांबीची फळी लावून ढकलला तर? घर्षण नाही असं धरलं तर बल तिसरा हिस्सा, ९८ न्यूटन, पण अंतर तिप्पट. गुणाकार तोच, ३५३.

हे तोंडी सांगून सोडू नका, वर्गात करून पाहा. फळीचं एक टोक टेबलावर टेकवा, दोरीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा ताणकाट्याने हळूहळू वर ओढा आणि काट्यावरचं बल वाचा. मग तोच गठ्ठा सरळ उचलून वाचा. गुणाकार जुळणार नाहीत. फळीवरचा आकडा कायम मोठा येईल, कधी कधी बराच मोठा. इथे काही शिक्षक आकडे ‘जुळवून’ घेतात. तसं अजिबात करू नये. जादा गेलेली ऊर्जा घर्षणाने फळी आणि पुठ्ठा तापवण्यात गेली. फळीला थोडी शंखजिऱ्याची पावडर लावून पुन्हा ओढा, फरक कमी होतो. मुलांना घर्षण असं आकड्यात दिसलं पाहिजे.

मग पाखाडीचा प्रश्न द्या. खालच्या वाडीतून ४० मीटर उंचावरच्या वरच्या वाडीत एक मुलगी पायऱ्यांनी गेली, दुसरी वळणाच्या डांबरी रस्त्याने गेली. दोघी ४५ किलोच्या. गुरुत्वबलाविरुद्ध जास्त कार्य कोणी केलं? दोघींनी सारखंच, १७,६४० ज्यूल. ‘पण पाखाडीने दम लागतो’ असं कोणी म्हटलं तर शाबासकी द्या आणि उत्तर शक्तीच्या तासाला मिळेल म्हणून राखून ठेवा.

वर नेलेल्या वस्तूत साठते ती स्थितिज ऊर्जा. तिची उंची कुठून मोजायची हेही इथे उरकून घ्या. उतारावरच्या घराच्या खळ्यात ठेवलेला नारळ खळ्याच्या मानाने शून्य उंचीवर आहे, खालच्या घराच्या खळ्याच्या मानाने पाच मीटरवर. दोन्ही बरोबर. शून्य कुठेही धरा, पण एका उदाहरणात एकदा धरलेलं शून्य हलवायचं नाही.

पायरी ३: मातीतला खड्डा

गतिज ऊर्जेत, म्हणजे वस्तूच्या गतीमुळे तिच्यात असलेल्या ऊर्जेत, वेगाचा वर्ग का, हा या धड्याचा गाभा आहे. पुस्तकात गतीच्या समीकरणावरून सूत्र काढलेलं असतं आणि ते काढायचंच आहे. पण त्याआधी मुलांना वर्गाची गरज वाटली पाहिजे. नाहीतर ‘दोनाने का गुणत नाही, वर्ग का करायचा’ हा प्रश्न मनात तसाच राहतो.

प्लॅस्टिकच्या दोन चेंडूंना लहान भोक पाडा. एकात कोरडी वाळू ठासून भरा. दुसऱ्यात वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळून अशा बेताने भरा की त्याचं वस्तुमान पहिल्याच्या बरोबर निम्मं होईल. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून घ्या. आत पोकळी राहू देऊ नका, वाळू आत हलली तर आपटताना थोडी ऊर्जा तिथेच जाते. भोकं चिकटपट्टीने बंद करा. बाहेरून दोन्ही चेंडू हुबेहूब सारखे दिसले पाहिजेत.

शाडूची माती घमेल्यात चार बोटं जाड थापा आणि वरचा भाग ओल्या हाताने गुळगुळीत करा. माती फार सैल असेल तर चेंडू रुततो, फार घट्ट असेल तर उडतो. मूर्तीचे हात वळताना असते तेवढी मऊ हवी. आता दोन्ही चेंडू १ मीटरवरून सोडा. जड चेंडूचा खड्डा मोठा, यात कोणाला नवल वाटत नाही. माती पुन्हा सारखी करा. हलका चेंडू १ मीटरवरून आणि जड चेंडू ५० सेंमीवरून सोडा. खड्ड्यांच्या तोंडाची रुंदी पट्टीने मोजा. दोन्ही खड्डे जवळजवळ सारखे येतात. तीन-तीनदा करून सरासरी घ्या, आणि मोजायचं काम मुलांकडेच द्या.

मग फळ्यावर या. १ मीटरवरून सोडलेला चेंडू मातीला साधारण ४.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने लागतो, अर्ध्या मीटरवरून सोडलेला ३.१ ने. हलक्याचं वस्तुमान १ धरा, जडाचं २. वस्तुमान गुणिले वेग केलं तर हलक्याचे ४.४, जडाचे ६.२. खड्डे सारखे आणि आकडे वेगळे, म्हणजे खड्डा या गुणाकाराने ठरत नाही. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग करा: दोन्हींचे जवळपास १९. इथे वर्गात थोडी शांतता पसरते, ती मोडू नका. वेगाचा वर्ग पुस्तकातून नाही, घमेल्यातून आला.

इतिहास सांगायची हीच वेळ. १७२० च्या दशकात हॉलंडमधल्या विलेम ग्रॅव्हसांड यांनी पितळेचे गोळे मऊ मातीत टाकून हेच पाहिलं होतं. त्या काळी गतीचं खरं माप वेगाने ठरतं की वेगाच्या वर्गाने, यावर युरोपात मोठं भांडण चालू होतं. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० मध्ये आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात वेगाच्या वर्गाची बाजू जोरकसपणे मांडली. वर्गातल्या मुलींना हे नाव जरूर सांगा. पुढे १८२९ मध्ये कोरिओलिस यांनी कार्याची संकल्पना नीट बांधली, तेव्हा त्या वर्गामागे अर्धा लागला. तो अर्धा कुठून येतो हे आता सूत्र काढताना दाखवा: बल = वस्तुमान × त्वरण, आणि विरामापासून निघालेल्या वस्तूसाठी वेग² = २ × त्वरण × विस्थापन. बल गुणिले विस्थापन केलं की ½ × वस्तुमान × वेग² समोर येतं. तयारी झाली असेल तर हे पाच मिनिटांत होतं.

दुसरा प्रयोग पन्हळीचा आहे आणि तो गटागटाने होतो. पन्हळ तिरकी धरून गोटी १०, २० आणि ४० सेंमी उंचीवरून सोडा. खाली कागदी पेला उपडा ठेवा, त्याच्या काठाला गोटी शिरेल एवढी खिडकी कापा. गोटी आत शिरून पेल्याला ढकलत नेते. पेला किती सरकला ते मोजा. उंची दुप्पट केली की अंतरही साधारण दुप्पट होतं. ओली फरशी चालत नाही, म्हणून पावसाळ्यात हे टेबलावर करा. उंची आणि अंतराचा आलेख काढायला लावा, तो जवळजवळ सरळ रेषेत येतो.

त्या दिवशीचा गृहपाठ रस्त्याचा द्या, कारण ही मुलं लवकरच दुचाकीवर बसणार आहेत. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक दाबल्यावर गाडी सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद अशा दराने मंदावत असेल तर थांबायला १० मीटर लागतात. वेग ताशी ७२ झाला तर ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. आणि हे कोरड्या रस्त्याचं. पावसात टायरची पकड कमी झाली की अंतर आणखी वाढतं. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गावातल्या मुलांना याहून महत्त्वाचं उदाहरण मी दुसरं देऊ शकत नाही.

पायरी ४: नारळ आणि पावसाचा थेंब

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वाण्याच्या वहीसारखा शिकवा: जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, जुळत नसतील तर कुठली तरी नोंद राहिली आहे.

१५ मीटर उंच माडावरून दीड किलोचा सोडणासकट नारळ पडला. मुलांकडून हा तक्ता भरून घ्या:

उंची १५ मीटर: स्थितिज २२०.५ ज्यूल, गतिज ०
उंची १० मीटर: स्थितिज १४७, गतिज ७३.५
उंची ५ मीटर: स्थितिज ७३.५, गतिज १४७
जमिनीला टेकण्याच्या क्षणी: स्थितिज ०, गतिज २२०.५

शेवटच्या ओळीवरून वेग काढा: सेकंदाला १७ मीटरच्या वर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त. माडाखाली उभं राहू नको असं घरी का सांगतात, ते आता आकड्यात दिसतं. मग विचारा: नारळ पडून स्थिर झाला, २२०.५ ज्यूल कुठे गेले? ‘संपले’ हे उत्तर फळ्यावर लिहा आणि वर्गालाच खोडायला लावा. जमिनीत खड्डा पडला, धप्प आवाज झाला, माती आणि नारळ किंचित तापले.

हा तक्ता हवेचा रोध सोडून दिला म्हणून इतका नीट जुळतो. नारळाला तो चालून जातो. पण खिडकीबाहेर पाऊस पडतोय, त्याचाही हिशेब करा. १ किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला थेंब विनाअडथळा पडला असता तर सेकंदाला १४० मीटर वेगाने आपल्यावर आदळला असता. प्रत्यक्षात २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगानेच येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणजे मूळ ऊर्जेच्या हजारातले दोन भागच थेंबाजवळ उरले. बाकी सगळी वाटेत हवेने घेतली. हवेचा रोध वरच्या दिशेला आणि थेंबाचं विस्थापन खाली, म्हणून हवेचं कार्य ऋण. पुढची पायरी इथूनच सुरू होते.

पायरी ५: घाटातला ट्रक आणि पोफळीचं पाणी

ऋण कार्य म्हणजे वस्तूकडून ऊर्जा काढून घेणारं बल. घर्षण, ब्रेक, हवेचा रोध. व्याख्या इतकी साधी ठेवा आणि थेट घाटात या. १० टनांचा ट्रक ५०० मीटर उंची उतरून खाली आला आणि वेग वरही तेवढाच होता, खालीही तेवढाच. गुरुत्वबलाने केलेलं धन कार्य १०,००० × ९.८ × ५००, म्हणजे ४ कोटी ९० लाख ज्यूल. वेग वाढला नाही, म्हणजे तेवढंच ऋण कार्य ब्रेक, इंजिन, टायर आणि हवेने मिळून केलं. एवढ्या ऊर्जेत दीडशे लिटर पाणी उकळीपर्यंत तापतं. म्हणून घाट उतरताना जाणता चालक खालच्या गिअरमध्ये राहतो, म्हणजे बरंचसं ऋण कार्य इंजिन करतं. सगळं ब्रेकवर टाकलं तर लायनर जळल्याचा वास येतो आणि ब्रेक लागेनासे होतात.

कुंभार्ली घाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचा भाग फार आवडतो. त्याच सह्याद्रीच्या पोटातून कोयना धरणाचं पाणी बोगद्यांनी चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं. मुळात ते पाणी कृष्णेकडे, पूर्वेला जाणारं. ते पश्चिमेला वळवलं, कारण इकडे सुमारे ४७५ मीटरची उतरण आयती मिळते. ट्रकची उंची उष्णता होऊन वाया जाते, पाण्याची उंची टर्बाइन फिरवते. एक हजार लिटर पाणी, म्हणजे घराच्या गच्चीवरची एक टाकी, ४७५ मीटर उतरली तर ४६ लाख ५५ हजार ज्यूल, साधारण १.३ युनिट वीज. यंत्रांत थोडी घट होते ती वेगळी. सगळे टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज करून झालेलं हे पाणी पुढे वाशिष्ठीत येतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. चिपळूणच्या पुलावरून रोज जाणाऱ्या मुलाला हे शाळेत कळलंच पाहिजे.

आता एक प्रश्न: तेच पाणी टर्बाइनशिवाय नुसतंच खाली पडलं असतं तर किती तापलं असतं? मुलं मोठमोठे आकडे सांगतात. उत्तर आहे १.१ अंश सेल्सिअस. १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी पडत्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवून, पाणी किती तापतं ते मोजलं होतं. १ किलो पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात, म्हणजे तेच पाणी ४२७ मीटरवरून पाडावं लागेल. ऊर्जा ‘नाहीशी झाली’ असं आपल्याला वाटतं ते यामुळे: उष्णता होते खरी, पण तापमानातली वाढ इतकी बारीक असते की हाताला कळत नाही.

पायरी ६: शक्ती

शक्ती म्हणजे सेकंदाला किती कार्य झालं. यात फार वेळ घालवू नका. शाळेचा जिना मोजा, समजा ३ मीटर. ४५ किलोचं मूल ४ सेकंदांत पळत चढलं तर १,३२३ ज्यूल भागिले ४, जवळजवळ ३३१ वॅट. १२ सेकंदांत चालत गेलं तर ११० वॅट. कार्य तेच, वेळ वेगळा, आणि पाखाडीचा राखून ठेवलेला प्रश्न सुटला. (जिना ओला असेल तर पळवू नका.) मुलं बल, ऊर्जा, शक्ती या तिन्हींना ‘जोर’च म्हणतात. टोकू नका, फक्त विचारा: किती रेटा, एकूण किती, की सेकंदाला किती?

१ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. १ अश्वशक्तीचा पंप १० मीटर खोल विहिरीतून, काहीच घट झाली नाही तर, सेकंदाला ७.६ लिटर पाणी वर आणेल. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांना बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजून आणायला सांगा आणि तफावत वहीत मांडा. विजेचं बिलही आणू दे. १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत ४५ किलोच्या मुलाला ८ किलोमीटरहून जास्त उंच नेता येईल. विजेचा दिवा का बंद करायचा, हे या आकड्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

उदाहरणं आणि चाचणी

उदाहरण सोडवताना आधी चित्र, चित्रावर बलाचा बाण आणि विस्थापनाचा बाण, मग दिलेलं, सूत्र, आकडेमोड आणि एकक. बाण काढले नाहीत तर गुण कापा, पहिल्याच चाचणीपासून. चुका ठरलेल्या असतात: किलोग्रॅमलाच वजन समजून ९.८ ने गुणायचं राहतं, ग्रॅम आणि सेंटिमीटर तसेच सूत्रात जातात, ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायचं राहतं, वर्ग वेगाचा करायचा तर वस्तुमानाचाही होतो. तोंडी आकडेमोडीसाठी सुरुवातीला गुरुत्वत्वरण १० धरू द्या, लेखी कामात ९.८.

चाचणीत पुस्तकातली उदाहरणं असू द्या, पण एक प्रश्न गावातला हवा. मी असा घालते: धक्क्याला लागलेल्या होडीतून मासळीचा २५ किलोचा क्रेट धक्क्यावर उचलायचा आहे. भरतीला होडी धक्क्यापेक्षा अर्धा मीटर खाली असते, ओहोटीला अडीच मीटर. (अ) दोन्ही वेळी उचलणाऱ्याने गुरुत्वबलाविरुद्ध केलेलं कार्य काढा. (आ) फरक किती? (इ) ओहोटीच्या पातळीपासून धक्क्यापर्यंत क्रेट दोन्ही वेळी तेवढाच वर आला. मग भरतीच्या वेळी वाचलेलं कार्य कोणाच्या बलाने केलं?

अ आणि आ ची उत्तरं १२२.५ व ६१२.५ ज्यूल आणि फरक ४९० ज्यूल, ती बहुतेकांना येतात. इ ला ‘पाण्याने’ एवढंच लिहिलं तरी अर्धे गुण द्या. ‘होडीवर वर रेटणाऱ्या पाण्याच्या बलाने, होडी २ मीटर वर सरकली म्हणून’ असं लिहिलं तर पूर्ण. आणि एखाद्याने पुढे विचारलं की पाण्याला ही ऊर्जा कोणी दिली, तर तो तास त्यालाच द्या: चंद्र-सूर्याची ओढ आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं यांचा संबंध फळ्यावर काढून दाखवा, भरती-ओहोटीतली ऊर्जा पृथ्वीच्या त्या फिरण्यातून येते. हे अभ्यासक्रमात नाही, तरी दाखवा.